खिशांतला वाटाड्या

परदेशीं असलेल्या मुलाकडे चार-सहा महिने राहावयास जाणारे आईबाप आमच्या भाईंदर पूर्वेंत आतां थोडे नाहींत. निघतांना आपण त्यांच्या सामानांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सारें आठवणीनें भरतों. परंतु मुलगा-सून कामावर गेल्यावर सबंध दिवस कसा काढावा, याची शिदोरी मात्र कोणीच बांधून देत नाहीं.

आमच्या थोरल्या जाऊबाई लंडनला गेल्या, त्यांचें असेंच झालें. पहिल्याच आठवड्यांत मोबाइलवरील बाण पाहत त्या एकट्या बाहेर पडल्या. वाटेंत मोबाइल बंद पडला, आणि मुलगा शोधीत येईपर्यंत दोन तास एका बस-थांब्यावर बसून राहिल्या. "आई, आतां एकटी जाऊं नकोस," असें तो काळजीनें म्हणाला. काळजी खरीच, पण त्या एका वाक्यानें पंचावन्न वर्षें घर चालविलेली बाई खिडकीपाशीं येऊन बसली.

पुढें घरांतल्याच फळीवर त्यांना एक जुनें, खिशांत मावेल असें पुस्तक सापडलें. फिलिस पीअर्सल या बाईंनीं १९३६ सालीं काढलेल्या "ए टु झेड" या नकाशापुस्तकाची ती पुढची आवृत्ति होती. पुस्तकाची रीत सोपी आहे. मागें रस्त्यांची अकारविल्हे यादी. प्रत्येक नांवापुढें पानाचा आंकडा आणि चौकोनाची खूण. पान उघडावें, चौकोन गांठावा, रस्ता हजर! जेवणाच्या मेजावर चार दिवस त्यांनीं हाच अभ्यास केला.

त्यांतून शहराची घडणही उलगडली. पत्त्याच्या शेवटीं "एन" म्हणजे उत्तर, "डब्ल्यू" म्हणजे पश्चिम. ही टपालाची वांटणी १८५७-५८ मधली, तिला आंकडे जोडले गेले १९१७ सालीं. बहुतेक रस्त्यांवर एका बाजूस विषम क्रमांकांचीं घरें, दुसऱ्या बाजूस सम. भुयारी रेल्वेचा हॅरी बेकनें आंखलेला १९३३ चा नकाशा मात्र अंतर सांगत नाहीं, केवळ स्थानकांचा क्रम व गाडी बदलण्याचीं ठिकाणें सांगतो. म्हणून रेल्वेसाठीं तो, आणि पायांसाठीं पुस्तक.

मग जाऊबाईंनीं तीन पत्ते काढले. वॉर्विक ॲव्हेन्यू स्थानकावर उतरून पहिला गांठला: १०, हाउली प्लेस. चिरोल खटल्यासाठीं गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्यें तेथें राहिले. भिंतीवरचा निळा फलक तें सांगतो. दुसरा हायगेटचा, ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू: श्यामजी कृष्णवर्मा यांचें १९०५ सालचें इंडिया हाउस, जेथें सावरकर राहत. तिसरा १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्यें बाबासाहेब आंबेडकरांनीं जेथें राहून अध्ययन केलें, ती ही वास्तु महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं विकत घेतली. त्या दिवशीं दूरध्वनीवर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तिघांचे मार्ग निराळे, पण प्रत्येकाला या परक्या गांवांत पहिल्या दिवशीं कोणाला तरी रस्ता विचारावाच लागला असेल. मग मलाच लाज कसली?" त्यांचा आवाज कित्येक दिवसांनीं पूर्वींसारखा वाटला.

पुस्तक दाखवितें तेवढेंच जग, असें मात्र समजूं नये. जर्मनीच्या बेडेकर घराण्याचीं मार्गदर्शकें एके काळीं प्रवाशांचा वेदच होतीं. १९४२ मध्यें बाथ, यॉर्क अशा प्राचीन इंग्रज नगरांवर जर्मन विमानांनीं बाँब टाकले, तेव्हां त्या हल्ल्यांनाही लोकांनीं बेडेकरचेंच नांव दिलें! पाहण्याजोग्या स्थळांची यादी सत्पात्रींच पडेल असें नाहीं.

जाऊबाई आतां परतल्या आहेत. आमच्या गांवचा पत्ता म्हणजे "नवघर रोडला, देवळाच्या मागें, डेअरीसमोर." गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ सालींच मुंबईचें वर्णन मराठींत लिहून ठेवलें, आपल्या उपनगरांचें असें छोटेखानी पुस्तक मात्र आमच्या घरांत नाहीं. म्हणून धाकट्या सूनबाईसाठीं त्या एका वहींत स्टेशन, गोडदेव नाका, इंद्रलोक, जेसल पार्कची खाडी अशा वाटा आंखीत आहेत.

भगिनींनो, घरांत नवें माणूस आलें, किंवा जुनें माणूस परगांवीं निघालें, तर त्याला सोबत जरूर द्यावी. पण चार दिवसांनीं हातीं नकाशाही द्यावा. सोबतीनें माणूस सुखरूप पोंचतें. नकाशानें तें आपल्या पायांवर जातें.