तीनचाकी मिळाली, रस्ता कुठे आहे?

हाताने पॅडल मारायची जुनी तीनचाकी सायकल आता रत्नागिरीत क्वचितच दिसते. एके काळी एस.टी. स्टँडबाहेर, टेलिफोन बूथच्या शेजारी ती उभी असायची. मागे दोन चाके, पुढे एक, छातीसमोर हाताचे पॅडल आणि साखळी. पाठीमागच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत देणगीदाराचे नाव. ज्याच्या दंडाच्या बळावर ती चालायची, त्याचे नाव मात्र कुठेच नसे!

या गाड्या कुणाच्या खिशातून आल्या? कानपूरचा 'अलिम्को' हा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला. अपंगांना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासून सुरू आहे. म्हणजे अशा गाड्यांचा पैसा जनतेचा. तरीही वाटपाच्या मंडपात हार पुढाऱ्याच्या गळ्यात आणि हात जोडलेले अपंगाचे, हेच चित्र आम्ही पाहिले. हक्काची वस्तू दान म्हणून दिली की घेणारा कायमचा मिंधा होतो. ही युक्ती बहुजन समाजाला नवी नाही.

त्यातही कोकणची गोष्ट वेगळी. ही गाडी सपाटीची, आणि आमचा मुलूख चढ-उतारांचा. गावात डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे जांभ्या दगडाची पाखाडी सुरू होते आणि बौद्धवाडी बहुतेकदा त्या पाखाडीच्या टोकाला. तीनचाकी रस्त्यालगतच्या कुणाच्या पडवीत ठेवायची आणि घर भावाच्या पाठीवर बसून गाठायचे, हे आमच्या वाड्यांनी अनुभवले आहे. शरीराने अडवलेल्या माणसाला जातीने ठरवलेल्या जागेने पुन्हा अडवले. या दुहेरी बहिष्काराची नोंद कोणत्या समारंभात झाली?

पुढे स्कूटरला बाजूची दोन चाके जोडून घेण्याची सोय आली. बिनगिअरची किनेटिक होंडा अनेकांना आधार वाटली. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार अपंगांचे वाहन खास त्यांच्यासाठीच बनवलेले असले पाहिजे. नुसता बदल केलेले वाहन त्या व्याख्येत बसत नसे. गरिबाची स्कूटर तर बदल केलेलीच! ही व्याख्या बदलायला २०१९ ची दुरुस्ती यावी लागली.

इंग्लंडमध्ये सरकार अपंगांना फिकट निळ्या रंगाची तीनचाकी मोटार देत असे. तिच्यात एकच आसन. सोबत बायको नाही, मूल नाही. ती धोक्याची आहे, माणसाला एकटे पाडते, असे अपंगांनीच ठणकावले. १९७६ मध्ये प्रवासभत्ता आला आणि २००३ मध्ये त्या गाड्या रस्त्यावरून हटल्या. आपल्याला काय हवे, हे ज्याचे दुःख त्यानेच सांगायचे असते.

आमच्याकडे मात्र २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द पुढे केला. 'हरिजन' या शब्दाविरुद्ध १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सभात्याग केला होता, हे चळवळीच्या वाचकांना सांगायला नको. देवाचे नाव चिकटवल्याने पायरीचा उतार होत नाही!

संविधानाच्या ४१ व्या कलमात अपंगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या कायद्याने ४ टक्के नोकऱ्या राखीव केल्या. सार्वजनिक इमारती अडथळामुक्त करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. तरी किती कचेऱ्यांच्या पायऱ्या तशाच आहेत! बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. पण पाणी मिळवायला १९२७ साली चवदार तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कागदावरचा हक्क आपल्या पायांनी चालत येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. दलित वस्ती सुधार योजनेतून पाखाडीच्या जागी चाक जाईल असा रस्ता मागा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीचा हिशेब ग्रामसभेत विचारा. आणि नवे विहार बांधताना पायऱ्यांशेजारी उतार ठेवा. बाबासाहेबांच्या जयंतीला कुणीही खाली, अंगणात बसून राहता कामा नये. आंबडवे ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याने तरी हे आधी करून दाखवावे.

जयभीम!