तिसरे नाव

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या शहराच्या जन्माची कथा निघाली की चार्ल्स कोरिया यांचे नाव हटकून येते. जाणकार मंडळी शिरीष पटेल यांचेही घेतात. तिसरे नाव प्रवीणा मेहता यांचे. शिकागोत शिकून आलेल्या या वास्तुरचनाकार बाईंचे नाव मात्र सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही.

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे मला हे खटकते. खाते तिघांचे संयुक्त असेल तर पासबुकावर तिन्ही नावे लागतात. कोणाचे किती, हा प्रश्न पुढचा.

या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात आपली योजना मांडली. मुंबई चिंचोळ्या पट्टीत उत्तरेकडे लांबत चालली होती आणि रोज सकाळी सारी गर्दी दक्षिणेच्या टोकाकडे धावत होती. त्याऐवजी खाडी ओलांडून पूर्वेला शहर वसवावे, सरकारने जमीन घ्यावी आणि तयार भूखंड विकून त्याच पैशातून सोयी उभाराव्यात, असा हिशेब होता. त्यात एक कळीची अट होती : खुद्द सरकारनेही आपला कारभार पलीकडे न्यावा. कचेऱ्या गेल्या की नोकऱ्या जातील, नोकऱ्यांमागून माणसे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. म्हणजे कर्ज मंजूर झाले, पण मुख्य अट पाळली गेली नाही. बेलापूरला कोकण भवन आले. मंत्रालय होते तिथेच राहिले. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उठले. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली आणि खाडीपलीकडे घर घेतलेला कारकून पुन्हा त्याच गर्दीत उभा राहिला.

या हिशेबात दुसरीही एक बाजू होती. १९८० च्या दशकात मी पनवेलजवळच्या एका शाखेत होतो. संपादन झालेल्या ९५ गावांपैकी काहींचे मोबदल्याचे धनादेश आमच्या खिडकीवर वटत. धनादेशावर नाव घरातल्या पुरुषाचे असे. त्याच्या मागे उभी असलेली, जन्मभर भातलावणी केलेली बाई एकदा मला विचारती झाली, की हे पैसे संपल्यावर पेरायचे कुठे? माझ्याकडे मुदत ठेवीच्या फॉर्मखेरीज उत्तर नव्हते. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्यानंतर.

हे जुने कागद आज उघडायचे कारण, २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि त्याच वर्षी रायगडमधल्या १२४ गावांत 'तिसरी मुंबई' जाहीर झाली. गुंतवणुकीचे आकडे रोज कानावर येतात. माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला त्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात. कोणती सरकारी कचेरी, कोणत्या तारखेला पलीकडे जाणार? आणि मोबदल्याच्या कागदावर त्या घरातल्या बाईचे नाव असणार की नाही? प्रवीणाबाईंचे नाव गळाले, त्यांच्या योजनेतली मुख्य अटही गळाली. या वेळी मंजुरीपूर्वी कागद नीट वाचून घ्यावेत.