'ड्रॉप' घेण्याची ऐपत कोणाची?

नीट वर्षातून एकदाच होते. त्या दिवशी ताप आला, घरात मयत झाली, तरी वर्ष गेलं. पैसेवाल्याचा मुलगा 'ड्रॉप' घेऊन पुन्हा क्लासला बसतो. ऊसतोड मजुराच्या लेकीच्या हाती कोयता येतो, नाहीतर तिचं लग्न उरकतात. आणि निकालाला म्हणायचं 'मेरिट'!

जेईई मेन २०१९ पासून वर्षातून किमान दोनदा होते. २०१८ मध्ये नीटही दोनदा घेण्याची घोषणा झाली. ग्रामीण मुलांना संगणकावरची परीक्षा जड जाईल म्हणत सरकारने ती गुंडाळली. मग कागदावर दोनदा घ्या! दुसरी संधी विकत घ्यावी लागू नये, ही आमची मागणी आहे. मित्रांनो, वस्तीवस्तीतल्या अभ्यासिकांतून ती उचलून धरूया.

जय भीम!