मोतीच्या उड्या

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही एखादा मोती आहे का? बेल वाजली की पाहुण्यांच्या अंगावर झेपावणारा, चपला कुरतडणारा, दोरीवरची चादर ओढणारा? आमच्या मोतीमुळे घरात रोज कटकट. 'देऊन टाका कुणाला तरी,' इथपर्यंत सासूबाई आल्या होत्या. खरं तर दोष त्याचा नव्हता. साखळी लावून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं की आपण सुटलो. पण त्याची ताकद जिरणार कुठे?

यावर एक छान उपाय म्हणजे ॲजिलिटी. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून सुचलेला हा खेळ १९७८ साली लंडनच्या 'क्रफ्ट्स' या श्वान-प्रदर्शनात प्रथम दाखवला गेला. मालकाच्या इशाऱ्यावर कुत्र्यानं अडसर ओलांडायचे, बोगद्यातून जायचं, खांबांमधून नागमोडी पळायचं. आपल्याला कुठे बक्षिसं मिळवायचीत? अंगणापुरता श्रीगणेशा पुरे.

पण आधी माझी चूक ऐका. उत्साहाच्या भरात मी आठ महिन्यांच्या मोतीला स्टुलावरून उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या दिवशी स्वारी लंगडायला लागली. डॉक्टरांनी मलाच फैलावर घेतलं. पिल्लाच्या हाडांची टोकं वाढीच्या वयात नाजूक असतात. तिथं इजा झाली तर पाय कायमचा अधू होऊ शकतो. नशीब, आमचं विश्रांतीवर भागलं. म्हणून दीड वर्षापर्यंत उंच उड्या नकोतच, आणि सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना जरूर दाखवा.

आता कृती. आधी 'बस', 'थांब', 'ये' हे तीन शब्द पक्के करा. मग झाडूचा दांडा जमिनीवर आडवा ठेवून त्यावरून नुसतं चालवा. मोठ्या खोक्याच्या दोन्ही बाजू उघडून बोगदा करा. एका टोकाला मुलानं त्याला धरावं, दुसऱ्या टोकाला बसून तुम्ही हाक मारा. पाण्यानं भरलेल्या बाटल्या दोन-अडीच हातांवर ओळीनं मांडा आणि हातातला खाऊ दाखवत त्यांच्यामधून सावकाश न्या. पूर्ण वाढ झाल्यावर दांडा दोन विटांवर ठेवा. पण बांधू नका, पाय लागताच पडला पाहिजे.

खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे. तेवढं जेवण कमी करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा मात्र चुकूनही नको, कुत्र्याला ते विषासारखं. गुळगुळीत फरशीवर खेळवू नका, पाय घसरतो. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. जमिनीवर हाताची पाठ टेकवून पाहा. चटका बसला तर त्या दिवशी सुट्टी! एका वेळी पाच-सात मिनिटं बस्स. आणि चुकला तर रागावू नका बरं का, पुन्हा सोपं करून द्या.

हल्ली बेल वाजली की मोती 'बस' म्हटल्यावर बसतो. दहापैकी सात वेळा तरी! आणि संध्याकाळी अंड्याची वाटी घेऊन अंगणात सर्वांत आधी कोण उभं असतं, सांगू? सासूबाई!