ऑपरेशन झाले, पण गोळीचे काय?

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, केमोथेरपीची इंजेक्शने संपली, रेडिएशनचा शेक घेऊन झाला की घरातल्या सर्वांचा जीव भांड्यात पडतो. बाई मुंबईहून घरी परतते, डोक्यावर पुन्हा केस येतात, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबते. पिशवीत एक लहानशी गोळी तेवढी उरलेली असते. रोज एक, निदान पाच वर्षे. माझ्या पाहण्यात उपचाराचा घात होतो तो इथे. गाठ लपवणाऱ्या बायका आता कमी झाल्या आहेत. पण दीड-दोन वर्षांनी कोणाला न सांगता गोळी बंद करणाऱ्या अजूनही पुष्कळ आहेत.

ही गोळी म्हणजे ताकदीची गोळी नव्हे. स्तनाच्या कित्येक गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. तपासणीच्या रिपोर्टात 'ई.आर. पॉझिटिव्ह' असे लिहितात ते अशाच गाठींबद्दल. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले की, अंडाशय काढून टाकल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोगही काही स्त्रियांत मागे हटतो. इस्ट्रोजेनचे नावसुद्धा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

आता वाचक भगिनी विचारतील, पाळी गेली म्हणजे अंडाशय थकले, मग हे संप्रेरक येते कोठून? प्रश्न रास्त आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी थोडी थोडी पुरुषी संप्रेरके तयार करीत असतात. आपल्या चरबीत, स्नायूंत, त्वचेत अरोमाटेज नावाचे विकर असते, ते त्यांचे इस्ट्रोजेन बनवते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या हे विकरच बंद पाडतात. जुन्या टॅमॉक्सिफेनची रीत निराळी. इस्ट्रोजेन राहते, पण पेशीच्या कुलपात दुसरीच किल्ली आधी अडकवून ठेवलेली असते. पाळी चालू असलेल्या बाईला नुसते लेट्रोझोल देऊन भागत नाही, कारण तिचे अंडाशय उलट जोमाने कामाला लागतात. केमोथेरपीने थांबलेली पाळी चाळिशीत पुन्हा येऊही शकते. तेव्हा 'शेजारणीला हीच गोळी दिली, मला का नाही' हा हिशोब करू नये.

फायदा किती? जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले गेले. पाळी गेलेल्या स्त्रियांनी यांपैकी विकर बंद पाडणारी गोळी पाच वर्षे घेतली, तर दहा वर्षांत या रोगाने मृत्यू येण्याचा धोका, संप्रेरकांची कोणतीच गोळी न घेण्याच्या मानाने, सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. सलाईन नाही, खाट नाही. जेनेरिक गोळ्या मिळतात, त्या पुष्कळ स्वस्त पडतात.

मग बायका ती सोडतात का? सांध्यांमुळे. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, भाकरी थापताना मनगट ठणकते, जिना चढताना गुडघे बोलू लागतात. जवळच्या डॉक्टरकडे गेले की तो 'वय झालं, संधिवात आहे' म्हणून दुखण्याची गोळी लिहून देतो. आणखी काय चालू आहे, हे विचारतच नाही. मग कोणीतरी जाऊबाई सांगते, "ती गोळी तुम्हाला गरम पडते, बंद करून बघा." बंद केली की काही आठवड्यांत दुखणे खरेच उतरते! बाईची खात्री पटते. पण आत काय चालले आहे ते ठणकून सांगत नाही. या जातीचा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढू शकतो.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. लेट्रोझोल मूल होण्यासाठीही वापरतात. त्या वापरावर आपल्याकडे २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. 'ही तर मूल होण्याची गोळी' असे काउंटरवरच्या पोराने बोलून दाखवले की बासष्ट वर्षांची आजी चिठ्ठी पदराआड लपवून घरी येते. औषध तेच, काम वेगळे, एवढे तिला कोणी आधी सांगून ठेवायला हवे.

माझे स्पष्ट मत आहे की यात बाईला दोष देऊन उपयोग नाही. मोठ्या रुग्णालयातला तज्ज्ञ तिला सहा महिन्यांनी भेटतो. सर्दी-खोकल्याला, बीपीला ती आमच्याकडेच येते. हे काम आम्हा गल्लीतल्या डॉक्टरांचे आहे. दुखण्यावर इलाज आहेत. रोजचे चालणे आणि हलका व्यायाम यांनी दुखणे कमी होते, हे चाचण्यांत दिसले आहे. एक गोळी सोसत नसेल तर तज्ज्ञ दुसरी देतात, अगदीच नाही तर टॅमॉक्सिफेन आहे. या गोळ्यांनी हाडे विरळ होतात, म्हणून सुरुवातीलाच हाडांची डेक्सा तपासणी, आणि सल्ल्याने कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व. योनीचा कोरडेपणा हे आणखी एक कारण, पण ते पुरुष डॉक्टरला कोण सांगणार? स्त्री-डॉक्टरला किंवा नर्सबाईंना सांगा. साध्या, संप्रेरक नसलेल्या जेली मिळतात. इस्ट्रोजेनची क्रीम मात्र आपल्या मनाने लावू नये.

माझ्या दवाखान्यात अशा बायकांच्या केसपेपरवर गोळी सुरू केल्याची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. "गोळी घेता ना?" असे मी विचारत नाही, त्याला सगळ्याच 'हो' म्हणतात. "गेल्या महिन्यात किती चुकल्या?" असे विचारतो. मग खरे कळते. पाच वर्षांनंतर पुढे चालू ठेवायची का, हे काखेतल्या गाठींत रोग होता की नाही वगैरे पाहून कर्करोगतज्ज्ञ ठरवतील.

टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेल्या बाईला अंगावरून रक्त गेले, एका पायाची पोटरी सुजली किंवा एकदम धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि एखाद्या दिवशी गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, नेहमीची एकच घ्यावी.