परस, पिल्लू आणि आपले ललितगद्य

मराठी ललितगद्यात किरकोळ विषयाला मानाचे स्थान आहे, असे आपण वर्गात शिकवत आलो आहोत. लघुनिबंधाची चर्चा करताना ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर ही नावे घ्यायची आणि क्षुल्लक वस्तूतून जीवनदर्शन घडवणे हे या प्रकाराचे वैशिष्ट्य म्हणून सांगायचे, ही आपली रीत. पण या विधानातला 'तून' हा प्रत्यय जरा न्याहाळून पाहावा. वस्तूतून दर्शन घडायचे, म्हणजे वस्तू ही नुसती वाट आणि मुक्काम दुसरीकडेच. माझ्या मते आपल्या ललितगद्याचे बरेचसे दुखणे या प्रत्ययात आहे.

शनिवार-रविवारची सुट्टी, परसातले काम आणि घरी नव्याने आलेले कुत्र्याचे वा मांजराचे पिल्लू, एवढाच विषय घेऊ. आपल्याकडच्या सरासरी ललितलेखात यावर काय लिहिले जाते? तिसऱ्या वाक्याला मातीचा गंध येतो, पाचव्याला बालपण, आणि सातव्याला पिल्लाच्या डोळ्यांतली निरागसता पाहून माणसाच्या स्वार्थीपणाची आठवण होते. आळे किती खोल केले, शेणखत पुरते कुजलेले होते की नाही, पिल्लाने पहिल्या रात्री काय केले, यांपैकी काहीही वाचकाला कळत नाही. लेखकाला माती आणि पिल्लू दोन्ही हवे असतात, पण पायरी म्हणून.

याच विषयावर वेगळ्या रीतीने लिहिणारा एक लेखक मला वारंवार आठवतो. कारेल चापेक हे नाव आपल्याकडे 'रोबो' या शब्दामुळे माहीत असते. 'आर. यू. आर.' हे त्याचे १९२० सालचे नाटक. तो शब्द सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. पण प्रागच्या विनोह्राडी भागातल्या आपल्या घराच्या बागेत राबणाऱ्या या माणसाने १९२९ साली माळ्याच्या वर्षाविषयी एक पुस्तक लिहिले, आणि १९३३ साली दाशेन्का नावाच्या कुत्रीच्या पिल्लाचे चरित्र. पहिल्यातली चित्रे योसेफची. दुसऱ्यातली चित्रे आणि छायाचित्रे चापेकची स्वतःची.

या पुस्तकांत तत्त्वज्ञान नाही असे नव्हे. पण ते कामाच्या मागून येते. पाणी घालायची रबरी नळी हे त्याच्या लेखी एक कपटी जनावर आहे, आणि ते माणसाळवण्याची झटापट तो तपशिलाने सांगतो. नवे रोप हातात घेऊन जागा शोधत फिरणारा बागवान त्याच्याइतका नेमका क्वचितच कुणी टिपला असेल. खरा बागवान नंदनवनात गेला तरी फळांकडे न पाहता तिथली माती कशी आहे तेच पाहील, असे तो सुचवतो. विनोद आहे, पण तो मातीच्या ज्ञानातून उगवलेला. दाशेन्काचेही तसेच. चालायला शिकणे, पडणे, दिसेल ते कुरतडणे, असा तिच्या वाढीचा क्रम आहे. छायाचित्र काढताना तिने स्थिर बसावे म्हणून लेखक तिला गोष्टी सांगतो. शेवटी ती दुसऱ्या घरी जाते. तिच्या जाण्यावर तो जीवनाविषयीचे भाष्य लादत नाही, म्हणूनच तो निरोप मनाला लागतो.

मराठीत असे काही नाहीच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) चापेकच्या पुस्तकासारखेच महिन्यांच्या क्रमाने उलगडते आणि झाडापाशी थांबते. मात्र तिथली नजर हिंडणाऱ्या, निरखणाऱ्या विदुषीची आहे. खुरपे हाती धरणाऱ्याची नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांना वानरच राहू दिले आहे, पण ती रानातली वानरे. घरातल्या प्राण्यांकडे पु. ल. देशपांडे वळले तेव्हा विनोदाचा खरा विषय ठरली ती प्राणी पाळणारी माणसे. परस आणि पिल्लू यांच्यासाठीची जागा अजून बरीचशी रिकामीच आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. सुट्टीत हौसेने माती उकरणे ही मध्यमवर्गाची चैन. तिचे एवढे कौतुक कशाला? दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी दाखवून दिले, की माती आणि जनावरे यांच्याशी येणारा संबंध कुणासाठी लादलेल्या कामाचा आणि अपमानाचा होता. अंगण झाडणे, सारवणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या माथी होती, हेही खरेच. पण नेमक्या याच कारणाने मला तपशिलाचा आग्रह धरावासा वाटतो. 'मातीचा गंध' या शब्दांत श्रम लपतात. कुदळ, टोपले, कमरेत भरलेली कळ, नखांत अडकलेला चिखल हे शब्दांत आले, की हे काम आधी कोण करत होते, हा प्रश्न टाळता येत नाही. हौशी माणसाला दोन दिवसांत जे दुखते, त्यावरून रोज राबणाऱ्याच्या दुखण्याचा त्याला निदान अंदाज तरी बांधता येतो.

दुसरी गोष्ट भाषेची. एकाच कामाला कुठे खुरपणी म्हणतात, कुठे निंदणी. आळे, वाफा, पालापाचोळा हे शब्द शब्दकोशात सुरक्षित आहेत. पण कोशातला शब्द आणि वाक्यातला शब्द यांत वाळलेले बी आणि रुजलेले बी यांच्याइतके अंतर असते. ललितगद्याने हे शब्द वापरले नाहीत, तर ते कुंडीत आणि गच्चीवर बाग करणाऱ्या नव्या पिढीपर्यंत पोचणार कसे?

म्हणून अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांना ललितलेख लिहायला सांगताना एकच अट घालावी: लेखात 'जीवन' हा शब्द येता कामा नये. पिल्लू काय खाते, कुठे झोपते, कशाला भिते, तेवढेच लिहायचे. पहिले काही लेख रूक्ष होतील, होऊ द्यावेत. रूक्षपणा सुधारता येतो. न पाहता लिहायची सवय एकदा जडली, की मग ती कवितेत, कादंबरीत आणि समीक्षेतही आपल्या मागे येते.