दहा लाख शब्दांची शिरगणती

गेल्या श्रावणांतील गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून घरची मंडळी माजघरांत सुपारी कातरीत बसली असतां आमच्या सूनबाईनें प्रत्येकापुढें एकेक छापील कागद ठेवला आणि खालीं सही करावी अशी विनंति केली. आमच्या वडील भगिनींनीं, म्हणजे साऱ्या घराच्या आत्याबाईंनीं, चष्मा चढवून तो कागद दोनदां उलटून पाहिला व विचारलें, "वांटणीचा कागद तर नव्हे ना ग हा?" एकच हंशा पिकला. कागद वांटणीचा नव्हता, संमतीचा होता. धाकट्या बंधूंच्या बंगळूरच्या चिरंजीवांचें कुटुंब तमिळ आहे. तीं उभयतां सणाला आलीं म्हणजे आमच्या घरांत मराठीइतकेंच इंग्रजीहि कानांवर पडतें. तें बोलणें सूनबाईस ध्वनिमुद्रित करावयाचें होतें. परंतु बोलणाऱ्याची लेखी परवानगी असल्यावांचून एक अक्षरहि टिपावयाचें नाहीं, आणि त्यानें ती मागाहून परत घेतली तर टिपलेलें पुसून टाकावयाचें, असा तिला दंडक. आत्याबाईंनीं सही केली नाहीं. "मी इंग्रजी बोलतच नाहीं, मग सही कशाची?" हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

सूनबाई येथील शिवाजी विद्यापीठांत इंग्रजी भाषाशास्त्र हा विषय घेऊन पीएच. डी.चा अभ्यास करीत आहे. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज अशी एखादी मुलगी अथवा सून असेल, आणि "एम्. ए. तर झालें, आतां आणखी काय शिकावयाचें राहिलें?" हा प्रश्न त्याहि घरांत विचारला जात असेल. पीएच. डी. म्हणजे एक जाडजूड ग्रंथ लिहून त्याच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत आपलें नांव उमटविणें, अशी माझी स्वतःचीहि समजूत होती. मी पडलों मॅट्रिक. संस्कृत तेवढें शास्त्रीबुवांच्या पायाशीं बसून शिकलों. पण ग्रंथ लिहिण्याच्या आधीं शिष्यत्व असतें, आणि तें बरेंच कडक असतें, हें या दोन वर्षांत घरबसल्या कळलें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें संशोधकाला प्रथम किमान १२ श्रेयांकांचा पाठ्यक्रम पुरा करावा लागतो. संशोधनांतील नीतिनियम हा त्यांतला एक आवश्यक भाग. (संमतीचा कागद आला तो तेथूनच.) शिवाय अध्यापनाचें शिक्षण घ्यावयाचें, आणि दर सत्रास सल्लागार समितीपुढें उभें राहून केलेल्या कामाचा जबाब द्यावयाचा. मुदत कमीत कमी तीन व जास्तींत जास्त सहा वर्षें. स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सवलत, आणि बाळंतपण व मुलांचें संगोपन यांसाठीं २४० दिवसांपर्यंत रजा. हें शेवटचें कलम घरोघरच्या सासूबाईंना कोणीतरी मोठ्यानें वाचून दाखवावें.

पण हे झाले नियम. खरें शिक्षण त्यांच्या आंत कोठेंतरी चाललेलें असतें, आणि त्याची एक मोठी शाळा आपल्या कोल्हापुरांतच उघडली गेली होती, हें मला ठाऊक नव्हतें. परदेशांतील इंग्रजी भाषेच्या अभ्यासकाला कोल्हापूर हें नांव चपलांमुळें, गुळामुळें किंवा अंबाबाईमुळें ठाऊक नसतें. तें ठाऊक असतें एका भाषासंग्रहामुळें. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागांतील प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनीं सहकाऱ्यांसह तो सिद्ध केला; त्याची माहितीपुस्तिका १९८६ सालची आहे. भारतांत १९७८ या एका वर्षीं छापल्या गेलेल्या इंग्रजी मजकुरांतून सुमारें दोन दोन हजार शब्दांचे ५०० उतारे निवडले, आणि असे एकंदर दहा लाख शब्द संगणकाच्या हवालीं केले. वृत्तपत्रांतील बातम्या, अग्रलेख, धर्म, चरित्रें, सरकारी अहवाल, शास्त्रीय निबंध, कथा, कादंबऱ्या, सर्व कांहीं त्यांत आहे. पुढें नॉर्वेंतील बर्गेन येथील केंद्रामार्फत हा संग्रह जगभरच्या अभ्यासकांच्या हातीं गेला, आणि त्याचें नांवच 'कोल्हापूर कॉर्पस' असें रूढ झालें.

कल्पना मूळची अमेरिकेंतील. तेथील ब्राउन विद्यापीठांत फ्रान्सिस व कुचेरा या दोघांनीं १९६१ सालच्या छापील अमेरिकन इंग्रजीचा असाच दहा लाखांचा संग्रह केला. त्याच सालच्या ब्रिटिश इंग्रजीचा लँकेस्टर, ऑस्लो व बर्गेन या तीन ठिकाणच्या विद्वानांनीं मिळून केला. कोल्हापूरचा सांचा तोच ठेवला, कारण तराजूचें माप सारखें असल्यावांचून तुलना होत नाहीं. तरीहि सांचा जसाच्या तसा बसेना. अमेरिकन यादींत घोड्यावरून पिस्तुलें झाडीत जाणाऱ्या गुराख्यांच्या साहसकथांना जागा राखलेली. आमचे भारतीय इंग्रजी लेखक तसलें कांहीं लिहीत नाहींत! तेव्हां साहसकथा कमी झाल्या आणि साध्या सामाजिक कथा वाढल्या. वर्ष १९६१ न घेतां १९७८ घेतलें, तें स्वातंत्र्यानंतर एक पिढी लोटून येथील इंग्रजी स्वतःच्या पायांवर उभी राहिली असेल या विचारानें. त्यामुळें एक नवाच पेंच उत्पन्न झाला: दोन संग्रहांत फरक दिसला तर तो देशाचा म्हणावा कीं मधल्या सतरा वर्षांचा? नव्या संशोधकाला असला पेंच प्रथम पुढ्यांत घालून देतात, आणि उत्तर सांगत नाहींत.

सूनबाईचा एक पाठ मीं शेजारीं बसून पाहिला. एक शब्द घ्यावयाचा, समजा 'अबाउट'. संग्रहांत तो जेथें जेथें आला असेल त्या सर्व ओळी संगणक एकाखालीं एक मांडून देतो, शब्द मध्यभागीं व त्याचे शेजारी दोन्ही बाजूंस. शेंकडों ओळींचा तो खांब पाहून मला आमच्या पदसूचींची आठवण झाली. ब्लूमफील्ड या अमेरिकन पंडितानें १९०६ सालीं वैदिक मंत्रांची अशीच अवाढव्य सूची छापली, तीहि संगणकावांचून! पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं १९४८ सालीं संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचें काम काढलें. सुमारें दीड हजार ग्रंथांतून वेंचलेल्या शब्दांच्या जवळजवळ एक कोटि चिठ्ठ्या तेथें कपाटांत आहेत. त्या चिठ्ठ्या लिहिणारे आणि ही ओळ न् ओळ वाचणारी माझी सून यांचा व्यवसाय एकच.

पाठाची रीति अशी. शंभर ओळी वाचावयाच्या, पण नियम मनांत आणावयाचा नाहीं. ओळींचे ढीग करावयाचे: ह्या ह्यासारख्या, त्या त्यासारख्या. मग तेच ढीग दुसऱ्या विद्यार्थ्यानें स्वतंत्रपणें करावयाचे, आणि दोघांचे किती ठिकाणीं जुळले व किती ठिकाणीं बिनसले तें मोजावयाचें. बिनसलेल्या ओळींवरच खरी चर्चा होते. एखादा प्रयोग दहा वेळां आढळला, पण दहाहि वेळां एकाच लेखकाच्या उताऱ्यांत, तर ती त्या गृहस्थांची लकब. तिला देशाची भाषा म्हणावयाचें नाहीं. हें ऐकून मी मनांत थोडा चपापलों. वर्गांतील दोन मुलांनीं चूक केली कीं "हल्लीं सर्व मुलें अशींच लिहितात" असें मीं जन्मभर म्हणत आलों.

छापील मजकूर तपासनिसाच्या हाताखालून गेलेला असतो, म्हणून माणसें प्रत्यक्ष कशीं बोलतात हें त्यावरून कळत नाहीं. ती उणीव पुढच्या संग्रहानें भरून काढली. इंग्रजी चालते अशा देशोदेशींच्या संग्रहांची एक योजना ग्रीनबाउम या पंडितांनीं पुढें मांडली. तिच्यांतील भारताचा भाग शास्त्री व बर्लिनचे लाइटनर यांनीं सिद्ध केला. त्यांतहि ५००च उतारे, पण त्यांपैकीं ३०० बोललेल्या भाषेचे. आणि बोललेलें उतरवून घेणें हा संशोधकाचा सर्वांत कठीण पाठ. अडखळणें, अर्धवट सोडलेलें वाक्य, एकाच्या बोलण्यांत दुसऱ्यानें घातलेलें बोलणें, सर्व जसेंच्या तसें लिहावयाचें, सुधारावयाचें नाहीं. आमच्या घरच्या दहा मिनिटांच्या संभाषणाला सूनबाईची अख्खी दुपार गेली. त्या दुपारीं चहा कोणीं केला हा प्रश्न कोणीं विचारूं नये. केला मीं, आणि तो बरा झाला नव्हता.

हौसेनें मीं म्हटलें, "एवढीं पांच मिनिटें मला दे, मी उतरून देतों." शाळेंत चाळीसेक वर्षें शुद्धलेखन घातलेला माणूस मी! कानाला यंत्र लावून, थांबवून थांबवून लिहिलें. तिनें तें मुद्रणाशीं ताडून पाहिलें आणि जरा संकोचून म्हणाली, "मामंजी, येथें तुम्हीं 'डिस्कस द मॅटर' असें लिहिलें आहे. तुम्हीं बोललां आहां 'डिस्कस अबाउट द मॅटर'." मीं ऐकलें. आवाज माझाच होता, आणि 'अबाउट' स्पष्ट होतें. ज्या एका 'अबाउट'वर मीं हजारों वह्यांत तांबडी रेघ ओढली, तें माझ्या तोंडांत सुखानें नांदत होतें. आणि विशेष हें कीं उतरतांना माझ्या हातानें तें मला न सांगतां खोडून टाकलें होतें. सूनबाई म्हणाली, सर्वांचें प्रथम असेंच होतें. शिकलेला कान दुरुस्ती करूनच ऐकतो. तो मोडण्यासाठींच हा पाठ असतो.

त्या रात्रीं मला एक मुलगा आठवला. सुमारें तीस वर्षांपूर्वींचा आठवीचा वर्ग. मी कांहींतरी समजावीत होतों, तो उभा राहिला आणि धीर करून इंग्रजींत म्हणाला, "सर, आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग." आपल्या भाषांत 'समजत आहे', 'दिसत आहे' असें निर्धास्त म्हणतां येतें, इंग्रजी व्याकरणांत जाणण्यासमजण्याच्या क्रियापदांना अपूर्ण काळाचें रूप सहसा चालत नाहीं. मीं तें वाक्य त्याच्याच स्वरांत परत म्हणून दाखविलें. वर्ग हंसला. मग मीं शुद्ध रूप फळ्यावर लिहिलें, सर्वांकडून पांच वेळां म्हणवून घेतलें, आणि तास संपला. त्याला काय समजलें नव्हतें, तें मात्र मीं विचारलें नाहीं. त्यानंतर तो वर्गांत इंग्रजी बोलावयास कधीं उभा राहिला नाहीं.

खरें पाहतां मला हें संस्कृतानेंच शिकवावयास हवें होतें. पाणिनीनें पूर्वेकडील लोक असें बोलतात, उत्तरेकडील असें, हें 'प्राचाम्', 'उदीचाम्' म्हणून सूत्रांत नोंदविलें. कोणालाहि अंगठे धरावयास लावलें नाहीं. पतंजलि तर म्हणतात कीं घट हवा असेल तो कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या दारीं कोणी जात नाहीं. दक्षिणेकडील लोकांना तद्धित प्रत्ययांची फार हौस आहे, असा शेराहि त्यांनीं मारला आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं दाक्षिणात्यांची लकब नोंदली गेली, आणि ती महाभाष्यांत बसली. मीं तें पाठ केलें होतें, आणि वर्गांत गेलों कीं तांबडी शाई उघडीत होतों.

म्हणून ती शाई ओतून टाकावी असें मात्र माझें मत नाहीं. परीक्षक गुण कापतो, अर्ज वाचणारा साहेब नाक मुरडतो, आणि गरिबाच्या मुलाचें नुकसान होतें. तें होऊं न देणें हें शिक्षकाचें काम आहे. यावर आमचा दोन संध्याकाळीं वाद झाला. शेवटीं सूनबाई म्हणाली, "परीक्षेंत काय लिहावें तें तुम्हीं सांगा, मामंजी. लोक काय बोलतात तें मला मोजूं द्या." ही वांटणी मला मान्य आहे, आणि आत्याबाईंनाहि सांगावयास हरकत नाहीं.

तिचा विषय अपूर्ण काळाचींच रूपें हा आहे. तिच्या उपयोगीं पडेल म्हणून परवां मीं माळ्यावरून जुन्या निबंधांच्या वह्यांचें गांठोडें काढलें; मुलांनीं वर्ष संपल्यावर माझ्याकडेच ठेवलेल्या त्या वह्या. तिनें एक वही उघडली, वरवर चाळली, आणि मिटून परत ठेवली. "यांची संमति कोठें आहे?" लिहिणारीं मुलें होतीं, आणि त्यांना कोणीं विचारलेलें नाहीं, तेव्हां हें तिला घेतां येत नाहीं. गांठोडें पुन्हां माळ्यावर गेलें.

त्यांतली एक वही मीं मागें ठेवून घेतली आहे. तिच्या धन्याचें गंगावेशींत दुकान आहे. रंकाळ्याकडे फिरावयास जातांना मी त्यावरून जातों, आणि तो दुकानांतून नमस्कार करतो. सूनबाईनें संमतीचा एक कोरा कागद मला दिला आहे, आणि बजावलें आहे कीं तो पुढें करण्यापूर्वीं नाहीं म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे हें त्याला आधीं सांगावयाचें. येत्या रविवारीं जावें म्हणतों. दुकान सकाळीं नऊला उघडतें.